घरी होडी बांधताना इपॉक्सी: वास येत नाही म्हणून फसू नका

मंगळवारी सकाळी उठलो तर डावा डोळा उघडेना. पापणी सुजून टम्म, मनगटावर घड्याळाचा पट्टा बसतो तिथे लाल पुरळ, बोटांच्या बेचक्यात खाज. घरच्यांचं मत पडलं की आंब्याचा चीक लागला असणार, कारण मे महिना आणि मी झाडाखाली काम करत होतो. मलाही तेच वाटलं. पण रविवारी मी काय केलं होतं तर आदल्या दिवशी होडीला लावलेलं इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर ही दोन द्रव्यं मिसळून बनतं, लावल्यावर हळूहळू पिकतं म्हणजे घट्ट होतं), फूल बाह्यांचा शर्ट नाही, मास्क नाही, नुसत्या बनियनवर सँडर घेऊन तीन तास घासलं होतं. दोन दिवसांचं अंतर होतं म्हणून डोक्यातच आलं नाही की हे त्याचं आहे.

गंमत म्हणजे पहिली होडी मी पूर्ण उघड्या हातांनी बांधली होती. १२ फुटी, प्लायची, तांब्याच्या तारेने फळ्या शिवून सांधे इपॉक्सीने भरायचे ती पद्धत. काही झालं नाही. म्हणून दुसरीच्या वेळी आणखी निवांत. आमच्याकडे खाडीवर फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे एक मामा आहेत, ते एकदा बघायला आले, डब्यात नाक घालून म्हणाले, "ह्याला तर वासच नाय, मग हातमोजे कशाला घालता?" त्यांचं चुकीचं नव्हतं म्हणा. ते आयुष्यभर पॉलिस्टर रेझिन वापरतात, त्यातलं स्टायरीन नावाचं उग्र वासाचं द्रव्य लांबूनच नाकात जातं, डोकं चढतं, माणूस आपोआप बाहेर येऊन उभा राहतो. इपॉक्सी असा इशारा देत नाही. ते गप्प बसून कातडीतून आत जातं.

तर हे सगळं लिहितोय ते घरच्या पडवीत, गॅरेजमध्ये, सोसायटीच्या पार्किंगमध्ये होडी किंवा कयाक बांधायला निघालेल्या लोकांसाठी. होडी कशी बांधायची ते इथे नाहीये, इपॉक्सी हाताळताना काय करायचं तेवढंच आहे, कामाच्या क्रमाने.

आधी हे समजून घ्या, बिब्ब्याचं उदाहरण

बिब्बा माहितीय ना, एकाला नुसता हात लागला तरी उततो आणि दुसरा रोज हाताळतो त्याला काही होत नाही. इपॉक्सीची ॲलर्जी त्याच जातीची आहे. पहिल्या वेळी, दहाव्या वेळी, पन्नासाव्या वेळी काही होत नाही, शरीर फक्त ओळख करून घेत असतं. मग एक दिवस ओळख पक्की होते आणि त्यानंतर थेंबभर लागलं तरी एक-दोन-तीन दिवसांनी पुरळ येतं. आणि ही ओळख विसरली जात नाही, साधारण जन्मभर राहते. म्हणजे "मला काही होत नाही" या वाक्याचा अर्थ "अजून झालं नाही" एवढाच.

डब्यात दोन वस्तू असतात आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा. रेझिन म्हणजे मधासारखं जाड, ते मुख्यतः ॲलर्जी आणतं. जितकं पातळ केलेलं तितकं जास्त त्रासदायक, कारण पातळ करायला जी द्रव्यं घालतात ती कातडीला आणखी वाईट. हार्डनर म्हणजे अमाइन जातीची रसायनं, हे ॲलर्जी तर आणतंच पण जळजळतं पण, काही हार्डनर सरळ भाजतात. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या पोरांच्या प्रोजेक्टमध्ये एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर ही जोडी सर्रास असते, त्यातलं एचवाय ९५१ हे पाण्यासारखं पातळ हार्डनर चांगलंच तिखट आहे, डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो. बाटली छोटी आणि निरागस दिसते म्हणून तिच्याशी लाडात येऊ नका.

आणि घट्ट झालेलं, पूर्ण पिकलेलं इपॉक्सी? ते जवळजवळ निरुपद्रवी. सगळा धोका ओलं असताना आणि अर्धवट पिकलेलं असताना आहे. "अर्धवट" या शब्दाकडे पुढे परत येतो, माझा डोळा त्यामुळेच सुजला.

खरेदी करताना

दुकानदाराकडे किंवा कंपनीकडे एसडीएस मागा, म्हणजे सेफ्टी डेटा शीट. १६ विभाग असतात, सगळे वाचायची गरज नाही. विभाग २ मध्ये धोके, ४ मध्ये प्रथमोपचार, ८ मध्ये कुठले हातमोजे आणि कुठला मास्क. विभाग २ मध्ये एच३१७ दिसलं तर कातडीची ॲलर्जी, एच३१४ दिसलं तर भाजणारं, एच३३४ दिसलं तर श्वासाची ॲलर्जी म्हणजे दम्यासारखा त्रास. एसडीएस द्यायला जो का-कू करतो त्याच्याकडून माल घेऊ नका, स्वस्त असला तरी.

टेबलटॉप, कीचेन वगैरे बनवायचं आर्ट रेझिन होडीला घेऊ नका. ते जाड ओतण्यासाठी बनवलेलं असतं, लाकडात मुरून त्यावरचं काचेचं कापड भिजवायला नाही. आणि दमट हवेसाठी हार्डनर विचारून घ्या. कोकणवाल्यांना आवडेल अशी गोष्ट सांगतो, काजूच्या टरफलाच्या तेलापासून बनणारे हार्डनर असतात, फिनाल्कमाइन म्हणतात, ते दमट हवेत बरे पिकतात म्हणून जहाजांच्या रंगात वापरतात. पण काजूचं आहे म्हणून सौम्य आहे असं नाही हं. टरफलाच्या तेलाने हात कसे सोलतात ते काजूच्या कारखान्यात काम केलेल्या बाईला विचारा.

हातमोजे: नायट्राइलचे, १०० चा बॉक्स, आणि एक बॉक्स पुरणार नाही हे गृहीत धरून दोन घ्या. लॅटेक्सचे (डॉक्टरवाले पांढरे) नकोत, त्यातून इपॉक्सी लवकर आत येतं. भांडी घासायचे रबरी नकोत. प्लॅस्टिकचे पाणीपुरीवाले तर नकोतच.

जागा

पडवी सगळ्यात चांगली, दोन बाजू उघड्या आणि वर छप्पर. गॅरेज असेल तर दोन समोरासमोरच्या खिडक्या किंवा दार, आणि एक्झॉस्ट पंखा असा की हवा तुमच्या पाठीकडून येऊन होडीवरून पलीकडे बाहेर जाईल. नेहमीचा टेबल फॅन थेट कामावर मारू नका, धूळ सगळी तोंडावर येते.

घरात, म्हणजे बेडरूममध्ये, हॉलमध्ये, एसी लावून बंद खोलीत नको. लहान मुलं, कुत्री-मांजरं यांना तिकडे येऊ देऊ नका. मांजर ओल्या इपॉक्सीवरून चालून मग पंजे चाटतं, हे मी पाहिलंय, ती रात्र फार वाईट गेली.

जवळपास काय काय आहे ते बघा: गॅस सिलिंडर, इन्व्हर्टरची बॅटरी, देवघरातला दिवा, मच्छर अगरबत्ती. इपॉक्सी स्वतः पटकन पेट घेत नाही पण तुम्ही ॲसिटोन किंवा थिनर वापरणार, आणि ॲसिटोनची वाफ शून्याच्या खाली तापमान असतानाही पेटू शकते, शिवाय ती हवेपेक्षा जड असते म्हणून जमिनीलगत सरपटत जाते. संध्याकाळी डास येतात म्हणून कछुआ छाप लावून शेजारी ॲसिटोनचा डबा उघडा ठेवणारे मी पाहिलेत. आग विझवायचं पावडरवालं सिलिंडर (एबीसी) दाराजवळ ठेवा, आत कोपऱ्यात नाही.

अजून तीन गोष्टी हाताशी पाहिजेत: वाहत्या पाण्याचा नळ किंवा भरलेली बादली, जुन्या कागदाची किंवा टिशूची रोल, आणि रेती भरलेलं एक घमेलं. रेती कशाला ते पुढे येईल.

कपडे

कोकणात आणि मुंबईत मे महिन्यात फूल बाह्या घाला म्हणणं म्हणजे शिक्षाच आहे, मान्य. पण घाला. जुना सुती फूल शर्ट, फूल पँट, बंद चप्पल किंवा बूट. घड्याळ, अंगठी, हातातला दोरा, कडं काढून ठेवा, त्याच्या खाली थेंब गेला तर दिवसभर तिथेच राहतो.

हातमोजे दोन थर घाला. बाहेरचा खराब झाला की तो काढून नवा, आतला तसाच. एकदा लागलं की बदला, नाही लागलं तरी अर्ध्या तासाने बदला, कारण पातळ नायट्राइल हा शिंतोड्यापासून बचाव आहे, रेझिनमध्ये हात बुडवून बसण्यासाठी नाही. काढताना मनगटाकडून उलटा सोलून काढायचा, बाहेरची बाजू उघड्या हाताला लागली तर सगळं व्यर्थ. आत घाम फार येतो म्हणून सगळ्यात आत पातळ सुती मोजे घालतो मी, तेही बदलत.

ॲसिटोन नायट्राइलमधून काही मिनिटांत आरपार येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. म्हणजे इपॉक्सी लागलेला मोजा घालून ॲसिटोनने ब्रश धुतला तर ॲसिटोन स्वतःबरोबर इपॉक्सीलाही आत घेऊन येतं. हत्यारं पुसायला व्हिनेगर वापरा, किराणा दुकानातलं, न पिकलेलं इपॉक्सी त्याने बऱ्यापैकी निघतं आणि आग लागायची भीती नाही.

हातांना बचावाची क्रीम लावली म्हणजे हातमोज्याची गरज नाही असं कुणी सांगितलं तर हसून पुढे जा.

चष्मा असेल तरी वरून सेफ्टी गॉगल, उन्हाचा नव्हे. हार्डनर ओतताना आणि डोक्यावर हात करून काम करताना तर नक्की. होडी उलटी करून आतून काम करताना एकदा थेंब भुवईवर पडला माझ्या, दोन सेंटिमीटर खाली पडला असता तर.

मास्कचं नीट समजून घ्या, इथे लोक घोळ घालतात. एन९५ किंवा आयएस ९४७३ चा एफएफपी२ छापलेला मास्क हा धुळीसाठी आहे, वाफेला तो काहीही करत नाही. वाफेसाठी ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजवाला रबरी अर्धा मास्क लागतो. उघड्या पडवीत ब्रशने साधं इपॉक्सी लावायला बहुतेक वेळा मास्क लागत नाही, पण होडीच्या नाळेत, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकात, डोकं घालून, बंद कप्प्यात काम करताना लागतो. तिथे हवा साचते. आणि दाढी असेल तर रबरी मास्क गालाला चिकटत नाही, सगळी हवा कडेने आत. होडी की दाढी, काय ते ठरवा.

मोजणं आणि मिसळणं

हे सुरक्षिततेत कसं येतं असं वाटेल, पण येतं. प्रमाण चुकलं तर इपॉक्सी कधीच पूर्ण पिकत नाही, चिकट राहतं, त्यात मोकळं अमाइन शिल्लक राहतं, आणि मग ते चिकट घाण तुम्हालाच खरवडून काढावं लागतं. म्हणजे धोका दुप्पट आणि वेळही.

फायबरवाल्या मामांची सवय इथे उपयोगी नाही. पॉलिस्टरमध्ये ते कॅटॅलिस्ट (पिकणं सुरू करून देणारं द्रव्य) हवामान बघून कमी-जास्त करतात, एक-दोन टक्क्यांचा खेळ असतो, लवकर पाहिजे तर दोन थेंब जास्त. इपॉक्सीमध्ये हार्डनर हा कॅटॅलिस्ट नाही, तो रेझिनशी जोडला जाऊन स्वतः त्याचा भाग होतो, त्यामुळे जास्त घातला तर लवकर पिकत नाही, उलट बिघडतं. (आणि चुकूनही त्यांचं एमईकेपी कॅटॅलिस्ट आपल्या डब्याशेजारी ठेवू नका. ती वेगळीच भानगड आहे, पॉलिस्टरमध्येच घालतात त्या कोबाल्टच्या द्रावणाशी थेट मिसळलं तर स्फोट होतो.)

डब्यावर २:१ लिहिलंय ते घनफळाने की वजनाने ते बघा. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, त्यामुळे घनफळाचं २:१ हे वजनात साधारण १००:४२ च्या आसपास येतं, नेमका आकडा कंपनी देते. एलवाय-एचवाय जोडीचं तर वजनाने १०० ला १० ते १२ असतं. एक वेगळा वजनकाटा फक्त यासाठी घ्या, स्वैपाकघरातला उचलून नेऊ नका, आणि नेलात तर परत ठेवू नका.

एका वेळी थोडंच मिसळा. सुरुवातीला १०० ते १५० ग्रॅम, बस. कारण आता ती घमेल्याची गोष्ट.

इपॉक्सी पिकताना उष्णता सोडतं. पातळ पसरलं असेल तर ती उष्णता हवेत जाते, पण उभट पेल्यात ढीग असेल तर आतच साठते, त्याने पिकणं आणखी वेगाने, त्याने उष्णता आणखी, असं चक्र लागतं. डब्यावर लिहिलेला वेळ बहुधा २५ अंशांचा असतो. दर १० अंशांना वेग साधारण दुप्पट होतो, म्हणजे ३५ अंशांच्या दुपारी लिहिलेल्या ३० मिनिटांची १५ होतात. मी एकदा पाऊण लिटर मिसळलं आणि फोन आला. परत येईपर्यंत पेला वाकला होता, आतून धूर येत होता, फेस वर आलेला. असा पेला १५० अंशांच्या वर सहज जातो आणि तो धूर हुंगण्यासारखा नसतो.

असं झालं तर काय करायचं: पेला कोमट लागायला लागला की लगेच पसरट ट्रेमध्ये ओता, पसरलं की थंड होतं. वेळ निघून गेली, धूर सुरू झाला, तर हातात धरून पळू नका, हात भाजतो. चिमट्याने किंवा पत्र्यावर घेऊन बाहेर उघड्यावर रेतीच्या घमेल्यात ठेवा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला लांब उभे राहा, थंड होऊ द्या. कचऱ्याच्या डब्यात, भुशात, चिंध्यांत टाकायचं नाही, तिथेच आगी लागतात. आणि थर्माकोलच्या पेल्यात कधीच मिसळू नका, वितळतो.

भरण आणि सांधे

सांध्यात भरायला इपॉक्सी घट्ट करावं लागतं. चिकटवायला ताकाइतकं पातळ चालतं, कोपरे भरायला मात्र श्रीखंडासारखं पाहिजे, चमचा उलटा केला तरी पडू नये. त्यासाठी कोलॉइडल सिलिका (एरोसिल), लाकडाचं पीठ, मायक्रोबलून्स (बारीक पोकळ गोळ्यांची पावडर) वगैरे घालतात. ही सिलिका इतकी हलकी असते की पिशवी उघडली की धुरासारखी उडते. खडी क्रशरवाल्यांना फुप्फुसाचा जो आजार होतो तो स्फटिकी सिलिकामुळे, ही तशी नाही, पण नाकाघशात चांगली बोचते. म्हणून पिशवी पेल्याजवळ नेऊन चमच्याने हळू, मास्क लावून, पंखा बंद करून. पंखा बंद, हे लिहून ठेवा, मी एकदा पूर्ण पडवी पांढरी केलीय.

क्रम असा: आधी रेझिन आणि हार्डनर दोन-तीन मिनिटं नीट ढवळा, कडा आणि तळ खरवडत, मग पावडर. उलटं केलं तर मिश्रण नीट होत नाही.

बोटाने कोपरा गुळगुळीत करायचा मोह सगळ्यांना होतो. मोजा घातला असला तरी नको, आइस्क्रीमची काडी किंवा जुनं एटीएम कार्ड गोल कापून वापरा. बोट वापरलं की मोजा फाटतो, आणि फाटलेला कळत नाही.

काचेचं कापड

इथे खाज दोन प्रकारची, कापडाच्या बारीक काचेची आणि इपॉक्सीची, आणि लोक पहिलीला घाबरतात. काचेची खाज एक-दोन दिवसांत जाते, अंघोळ थंड पाण्याने करा, गरम पाण्याने नको, आणि ते कपडे घरच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकू नका, बायको-मुलांना पण खाज सुटेल आणि मग होडी राहील बाजूला.

लाकडावरचा पहिला थर तापमान उतरत असताना लावा, म्हणजे दुपार टळल्यावर. सकाळी लावला तर ऊन चढताना लाकडातली हवा फुगून बुडबुडे येतात. पण समुद्रकाठी संध्याकाळी दव पडायच्या आत संपवा, इथेच कसरत आहे.

दव आणि दमटपणाचा दुसरा त्रास म्हणजे पृष्ठभागावर येणारा तेलकट मेणचट थर. हार्डनरमधलं अमाइन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी मिळून तो बनतो. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या वर ओढून सगळी डागडुजी चालते, फायबरचं काम पण, ते बघून आपणही पावसात इपॉक्सी काढावं असं वाटतं. काढू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे खरे दिवस. तो थर आलाच तर घासायच्या आधी साध्या पाण्याने आणि भांड्यांच्या हिरव्या घासणीने धुऊन टाका, पाण्यात विरघळतो, हातमोजे घालून. न धुता सँडर फिरवला तर ते अमाइन धूळ बनून नाकात आणि पापण्यांवर.

घासणं, सगळ्यात धोक्याचा टप्पा

ओलं इपॉक्सी लावताना सगळे सावध असतात. दुसऱ्या दिवशी हाताला कडक लागलं की सावधपणा सुटतो. पण कडक म्हणजे पिकलेलं नव्हे. पूर्ण पिकायला साधारण आठवडा लागतो, थंडीत दोन आठवडेसुद्धा, तोवर त्याच्या धुळीत न जुळलेलं रेझिन आणि अमाइन असतं, आणि ती धूळ घामावर बसते, पापणी, मान, कोपराच्या खोबणीत, जिथे कातडी पातळ आणि ओली. माझं नेमकं हेच झालं.

काय करता येईल: शक्य असेल तर आठवडाभर थांबा, तेवढ्यात वल्ही करा, डोलकाठी करा. थांबणं शक्य नसेल तर घासण्याऐवजी स्क्रेपरने खरवडा, त्याने धूळ नाही तर सालं निघतात, खाली पडतात, हवेत उडत नाहीत. पुढचा थर आधीचा चिकट असतानाच दिला तर मध्ये घासायची गरजच राहत नाही, म्हणून कामाची आखणी अशी करा की एका दिवशी दोन-तीन थर ओल्यावर ओले जातील. हा मला सगळ्यात आवडलेला उपाय, आळशी माणसाला शोभणारा.

घासावंच लागलं तर सँडरला व्हॅक्यूम जोडा, मास्क, गॉगल, फूल बाह्या, डोक्याला रुमाल. किंवा पाणी मारून हाताने घासा, ओल्या कागदाने, धूळच होत नाही. पाणी मारून विजेचा सँडर मात्र चालवायचा नाही, हे सांगावं लागू नये पण सांगतो. काम झाल्यावर अंगावरची धूळ काँप्रेसरने किंवा झटकून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, कपडे पडवीतच काढा, मग न्हाणीघरात.

मधल्या वेळेत

चहा. बहुतेक घोळ चहाच्या वेळी होतो. मोजे काढले, हात धुतले नाहीत, कप उचलला, फोन उचलला, नाक खाजवलं. फोनच्या मागे लागलेलं इपॉक्सी रात्री गालाला लागतं. कामाच्या जागेत खाणं-पिणं, तंबाखू, सिगारेट काही नको, आणि लघवीला जायच्या आधी हात साबणाने धुवा, नंतर तर धुताच. हे हसण्यावारी नेऊ नका, कळेल तेव्हा उशीर झालेला असतो.

नळाची तोटी, दाराची कडी, स्कूटरचं हँडल, सगळीकडे तुमचे हात लागतात आणि मग घरच्यांचे.

अंगावर सांडलं तर

कातडीवर: आधी कोरड्या कागदाने टिपून काढा, चोळू नका. मग गॅरेजवाले वापरतात ती हात धुवायची पेस्ट किंवा साबण आणि भरपूर पाणी. ॲसिटोन, थिनर, रॉकेल, पेट्रोल नाही म्हणजे नाही, ते इपॉक्सीला पातळ करून कातडीच्या आत पोचवतात. व्हिनेगर हत्यारांसाठी, हातांसाठी नाही.

डोळ्यात: पापणी उघडी धरून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं, घड्याळ लावून, आणि नंतर थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे, बरं वाटलं तरी. हार्डनरची बाटली किंवा एसडीएसचा फोटो बरोबर न्या.

पुरळ आलं: काम बंद. "एवढा थर झाला की थांबतो" नाही, त्याच क्षणी बंद. त्वचेच्या डॉक्टरकडे जा आणि इपॉक्सी वापरतो हे आपणहून सांगा, नाहीतर ते बिचारे नायटा, उष्णता, साबण यात फिरत बसतात. पॅच टेस्टच्या (पाठीवर पट्ट्या चिकटवून कशाची ॲलर्जी आहे ते बघतात) नेहमीच्या संचात इपॉक्सी रेझिन १ टक्के प्रमाणात असतं, पण त्यात तुमचं हार्डनर नसतं, म्हणून ती टेस्ट निगेटिव्ह आली तरी खूश होऊ नका, हार्डनरची माहिती द्या. आणि घरी स्वतः हातावर थेंब लावून "टेस्ट" करायची नाही, ॲलर्जी तशीच सुरू होते. दम लागणं, छातीत घरघर सुरू झाली तर तो विषय पुरळाच्या पलीकडचा, त्याच दिवशी डॉक्टर.

उरलेलं आणि कचरा

उरलेलं मिश्रण पसरट ट्रेमध्ये पातळ पसरून पिकू द्या, मग कडक तुकडा कचऱ्यात. ओलं रेझिन, ओलं हार्डनर, ब्रश धुतलेलं ॲसिटोन हे मोरीत, गटारात, विहिरीजवळ, परसात माडाच्या आळ्यात ओतायचं नाही.

आपल्या गावाकडची एक सवय मला मुद्दाम सांगायचीय. प्लायचे उरलेले तुकडे, इपॉक्सी लागलेल्या काठ्या, हे सगळं सुकं लाकूडच दिसतं आणि पाण्याच्या बंबात किंवा चुलीत जातं. आमच्या आईने एकदा घातलं, न्हाणीघर काळ्या धुराने भरलं. इपॉक्सी जळताना निघणारा धूर विषारी असतो. ते तुकडे वेगळ्या पोत्यात बांधून ठेवा, सरपणाच्या ढिगाजवळ तर ठेवूच नका.

रेझिन आणि हार्डनर नेहमी मूळ डब्यातच, लेबलसकट, कुलुपात. हार्डनर पाण्याच्या बाटलीत काढून ठेवणाऱ्याला काय म्हणावं.

शेवटचा रंग

इपॉक्सीला ऊन सोसत नाही, वरून व्हार्निश किंवा रंग लागतोच. इथे लोकांना वाटतं की आता सुटलो. पण दोन डब्यांचा पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग घेतलात तर त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाची ॲलर्जी आणतं, आणि स्प्रेने मारलं तर बारीक थेंब सगळीकडे. घरी स्प्रे करू नका. ब्रशने किंवा रोलरने, उघड्यावर, किंवा सरळ एका डब्याचा साधा बोटींचा व्हार्निश घ्या, दर दोन वर्षांनी परत मारावा लागला तर लागू दे.

माझी दुसरी होडी झाली पूर्ण, पण शेवटचे दोन थर भावाने दिले, मी १० मीटर लांब खुर्ची टाकून सूचना देत होतो. मामा आले होते पाण्यात सोडायला. त्यांनी माझं मनगट बघितलं, काही बोलले नाहीत, खिशातून नायट्राइलचे दोन मोजे काढून दाखवले.